हाडातले गळू

अकलूज परिसरात साखर कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. त्याच सुमारास शाळाशाळांच्या मैदानांवर खो-खो आणि कबड्डीचे सामने रंगात आलेले असतात. समजा, आठवीतला एक मुलगा खो-खो खेळताना गुडघ्यावर आपटला. उठला, धूळ झटकली आणि पुन्हा धावू लागला. दोन-तीन दिवस काही झाले नाही. मग एका रात्री त्याला थंडी वाजून ताप भरला आणि गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी, असा ठणका लागला की पायाला पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सोसवेना. सकाळी पाय जमिनीला टेकवेना.

घरात प्रत्येकाचे मत निराळे. आजी म्हणाली, "मुरगळलाय, तेल लावून चोळून घ्या." काका म्हणाले, "ताप हवेचा आहे. त्याचा आणि पायाचा काय संबंध?" आईने हट्ट धरला म्हणून दवाखान्यात नेऊन पायाचा क्ष-किरण फोटो काढला. हाड अखंड होते. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, येथे आपण जरा थांबू. फोटो खोटे बोलला नाही. पण त्याला विचारलेला प्रश्न होता, "हाड मोडले आहे काय?" त्याचे उत्तर "नाही" असे आले. "हाडात पू होतो आहे काय?" हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. विचारला असता तरी त्या दिवशी फोटोला त्याचे उत्तर देता आले नसते. का, ते पुढे पाहू. या मुलाला झालेल्या रोगाला डॉक्टर 'ऑस्टिओमायलायटिस' म्हणतात. आपल्या परिभाषेत त्याचे नाव अस्थिमज्जाशोथ. नाव अवघड आहे, रोग समजायला अवघड नाही. पण तो समजून घ्यायचा तर आधी हाड म्हणजे काय ते नीट पाहायला हवे.

हाड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या प्रयोगशाळेतला सांगाडा येतो. पांढरा, कोरडा, दगडासारखा. हाडाविषयीचे सारे गैरसमज या सांगाड्यापासून सुरू होतात, असे मला वाटते. जिवंत हाड तसे नसते. घरी मटणाची नळी आणली असेल तर ती एकदा ताटात नीट न्याहाळा. मधला दांडा कठीण आणि आतून पोकळ, पोकळीत मऊ मज्जा. टोकाकडे गेलात की हाड भरीव दिसते, पण ते खरे भरीव नव्हे. स्पंजासारखे जाळीदार असते आणि त्या जाळीत लालसर मज्जा भरलेली असते. दांड्यावर बोट फिरवले तर एक पातळ चिवट पापुद्रा सुटून येतो. ते हाडाचे वेष्टन. ज्यांच्या घरी नळी येत नाही त्यांनी निराश होऊ नये. अकलूजमध्ये उसाला तोटा नाही. उसाचे कांडे घ्या: बाहेर टणक साल, आत मऊ गर, आणि गरातून उभे गेलेले रसवाहिन्यांचे धागे. हाडातही अशाच वाहिन्या असतात, फक्त त्यांतून रस नव्हे, रक्त वाहते. हाडाच्या कठीण भागातसुद्धा सूक्ष्म नळ्यांचे जाळे असते आणि त्यांच्या आधाराने हाडाच्या पेशी जगतात. मोडलेले हाड जुळते ते याचमुळे. दगड कधी जुळत नाही.

ऊस आणि हाड यांत आणखी एक साम्य आहे. उसाचे कांडे सगळीकडून सारखे वाढत नाही. सांध्याच्या लगेच वर वाढीचे एक वलय असते, तेथून ते लांबते. तुमची लांब हाडेही मधून वाढत नाहीत. टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. ती नवी कूर्चा तयार करीत राहते आणि तिच्या दांड्याकडच्या बाजूला त्या कूर्चेचे हाड बनत जाते. सगळी टोके सारखी वाढतात असेही नाही. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याकडच्या टोकाला होते, वर्षाला साधारण १ सेंटीमीटर. नडगीच्या वरच्या टोकाला ती वर्षाला सुमारे ६ मिलिमीटर असते. म्हणजे गुडघ्याच्या वर आणि खाली तुमच्या शरीरातले सर्वांत वर्दळीचे बांधकाम चालू आहे. आणि आपला रोग बहुतेक वेळा नेमका तेथेच मुक्काम करतो.

असे का? बांधकाम आले की सामानाची ने-आण आली. वाढीच्या चकतीजवळ रक्त भरपूर येते. तेथल्या केशवाहिन्या चकतीपर्यंत जातात, केसांच्या पिनेसारख्या वळतात आणि रुंद, संथ शिरांमध्ये रिकाम्या होतात. नीरा उजव्या कालव्याचे पाणी शेततळ्यात शिरले की वेग मंदावतो आणि गाळ तळाशी बसतो, हे तुम्ही पाहिले असेल. तसेच येथे होते. रक्ताचा वेग मंदावतो, आणि रक्तात एखादा जंतू भटकत असेल तर त्याला बसायला निवांत जागा मिळते. शिवाय जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशींचा पहारा या वळणावर थोडा विरळ असतो.

पण रक्तात जंतू आला कोठून? तो दूरचा पाहुणा नसतो. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर तो नेहमी सापडतो. मांडीवरचे गळू, खाजवून चिघळलेली पुटकुळी, पायाला पडलेली भेग, असल्या एखाद्या दारातून चार जंतू रक्तात उतरतात. रोज असे होत असेल आणि रोज आपले शरीर त्यांचा निकाल लावीत असेल. कधीतरी मात्र एखादा जंतू या संथ वळणावर टिकतो. मुका मार लागून तेथे थोडे रक्त साकळले असेल तर त्याचे अधिकच फावते. म्हणून "पडला होता" ही हकीकत अनेक रुग्णांत खरी असते आणि तीच सर्वांना चकवते. हा रोग पाच वर्षांखालच्या मुलांत जास्त दिसतो, मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसतो, आणि हाडांची वाढ संपेपर्यंत त्याचा धोका राहतो. म्हणजे हे वाचणारे तुम्हीही अजून त्या वयातच आहात.

हा जंतू प्रथम नीट ओळखला गेला त्याची गोष्ट मजेची आहे. १८८० साली लुई पाश्चर यांनी एका गळवातला पू तपासला आणि दुसरीकडे हाडात पू झालेल्या एका रुग्णाचा पू तपासला. दोन्हींत त्यांना गोल जंतूंचे तेच पुंजके दिसले. तेव्हा त्यांनी निष्कर्ष काढला की हा रोग म्हणजे हाडाच्या मज्जेतले गळूच होय. त्याच सुमारास स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन हेही गळवांतल्या पुवाचा कसून अभ्यास करीत होते. द्राक्षांच्या घोसासारखे दिसणाऱ्या या जंतूंना 'स्टॅफिलोकॉकस' हे नाव त्यांनी दिले. पुढे १८८४ मध्ये रोझेनबाख या जर्मन शास्त्रज्ञाने त्याच्या सोनेरी वसाहतींवरून त्यास 'ऑरियस', म्हणजे सोनेरी, हे विशेषण जोडले. सोन्यासारखा रंग आणि हे असले गुण!

पाश्चर यांची उपमा आपण थोडी पुढे नेऊ. कातडीवरचे गळू आणि हाडातले गळू एकाच जंतूचे. मग एक आठवड्यात फुटून बरे होते आणि दुसरे माणसाला अधू करते, हे कसे? उत्तर एका शब्दात आहे: जागा. कातडी ताणली जाते. गळू वर येते, पिकते, फुटते, दाब कमी होतो. हाडाला ताणता येत नाही. बंद दगडी कोठीत पू साठत जातो आणि आतला दाब वाढत जातो. असह्य ठणका असतो तो या दाबाचा. दाब वाढला की आतल्या मऊ रक्तवाहिन्या चेंगरतात. मग पू हाडाच्या बारीक नळ्यांमधून वाट काढीत बाहेरच्या वेष्टनाखाली येतो. मुलांत हे वेष्टन हाडाला सैल चिकटलेले असते. पुवाने ते उचलले जाते, आणि वेष्टनाकडून हाडात शिरणाऱ्या रक्तवाहिन्याही तुटतात. आतून रक्त बंद, बाहेरून रक्त बंद. मधले हाड मरते.

या मेलेल्या तुकड्याला 'सिक्वेस्ट्रम' म्हणतात. या रोगाविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हा तुकडा लक्षात ठेवा. पुढचे सारे रामायण त्याच्यामुळे घडते. आपली औषधे रक्तातून जातात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही रक्तातूनच जातात. नीरेला पूर येऊन पूल पाण्याखाली गेला म्हणजे पलीकडच्या वाडीला धान्याचा ट्रक पोचत नाही. गोदामात धान्य कितीही असो. मेलेल्या हाडाची स्थिती तशीच असते. रुग्णाला उत्तमातले उत्तम औषध द्या, ते त्या तुकड्याच्या आत पोचत नाही, आणि जंतू तेथे सुखाने राहतात.

ते कसे राहतात, हेही आता चांगले कळले आहे. पाण्याचा हौद बरेच दिवस घासला नाही तर भिंतीला बुळबुळीत थर धरतो. जंतू मेलेल्या हाडावर तसाच चिकट थर करून त्यात बसतात. याला 'बायोफिल्म' म्हणतात. थरातले जंतू मंदगतीने जगतात, आणि जी औषधे झपाट्याने वाढणाऱ्या जंतूंना मारतात ती यांच्यापुढे फिकी पडतात. २०१७ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टरच्या संशोधकांनी उंदरांच्या हाडात आणखी एक प्रकार पाहिला. हाडाच्या पेशींना जोडणाऱ्या नळ्या इतक्या अरुंद असतात की सुमारे एक मायक्रॉन व्यासाचा हा जंतू त्यांत शिरणार नाही असे कोणालाही वाटेल. पण तो आपला गोल आकार सोडून लांबट होतो आणि त्या नळ्यांतही शिरतो! पहारेकरी पेशी तेथे शिरू शकत नाहीत.

इकडे शरीर स्वस्थ बसत नाही. उचललेले वेष्टन आपल्या आतल्या बाजूने नवे हाड घालू लागते आणि मेलेल्या तुकड्याभोवती नव्या हाडाचे कवच तयार होते. त्या कवचाला भोके राहतात. भोकांतून पू बाहेर येतो, कातडीला छिद्र पडते आणि ते वाहू लागते. काही महिने वाहते, मिटते, सगळे बरे झाले असे वाटते, आणि पुन्हा एके दिवशी ठणका लागून उघडते. कधी त्यातून हाडाची कपचीही बाहेर पडते. आपल्याकडच्या वैद्यांना हे चित्र जुन्या काळापासून माहीत होते. सुश्रुतसंहितेत मज्जेत होणाऱ्या विद्रधीचे वर्णन आहे आणि नळीसारख्या वाहत्या व्रणाला तेथे 'नाडीव्रण' असे समर्पक नाव दिले आहे.

आता फोटोच्या कोड्याकडे वळू. क्ष-किरणांना अडवतो तो हाडातला कॅल्शियमचा क्षार. पू झाला म्हणून क्षार लगेच नाहीसा होत नाही. एखाद्या जागचा ३० ते ५० टक्के क्षार गेल्याशिवाय साध्या फोटोत फरक ओळखू येत नाही, आणि त्याला १० ते १४ दिवस लागतात. म्हणजे फोटो जेव्हा "होय" म्हणतो तेव्हा हाडाचे नुकसान होऊन चुकलेले असते. मोडलेले हाड शोधायला पहिल्या दिवशीचा फोटो उत्तम. हाडातला पू शोधायला तो जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि त्यावर विसंबून घरी परतणे धोक्याचे आहे.

मग पहिल्या दिवसांत रोग ओळखायचा कसा? सर्वांत उपयोगी पडते डॉक्टरांचे बोट. ताप आहे, आणि सांध्याच्या जवळ पण सांध्यावर नव्हे, हाडाच्या एका ठरावीक जागी दाबले की मूल किंचाळते. मूल पाय हलवू देत नाही. लहान बाळ असेल तर रडते आणि एक हात किंवा पाय लुळा पडल्यासारखा ठेवते. अशा वेळी रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाची तपासणी करतात. ते वाढलेले असते. रक्त संवर्धनासाठी पाठवतात, म्हणजे त्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून कोणते औषध त्याला लागू पडते ते पाहतात. हे रक्त औषध सुरू करण्यापूर्वी घ्यावे लागते. आपण दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणून देतो, तेव्हा ताप थोडा उतरतो, संवर्धनात काही उगवत नाही, आणि हाडातला जंतू मात्र तसाच राहतो. एमआरआय तपासणीत हाडातला बदल पहिल्या काही दिवसांतच दिसतो. जेथे ती सोय नाही तेथेही वर सांगितलेली लक्षणे आणि रक्ताची तपासणी यांवरून डॉक्टर औषध सुरू करू शकतात.

आणि चोळणे? गावोगावच्या हाडवैद्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यातील कित्येकांचे हात जाणते असतात आणि लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास काही हवेतून आलेला नाही. पण ताप असलेले दुखरे हाड चोळणे, त्यावर घट्ट फळ्या बांधणे, शेक देणे यात पुवाचा दाब कमी होत नाही आणि मोलाचे दिवस मात्र जातात. मुरगळलेल्या पायाने ताप येत नसतो. हाड दुखते आणि ताप आहे, हे दोन्ही एकत्र आले की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

लवकर गाठला तर उपचार किती सोपा असतो, हे पाहण्यासारखे आहे. पहिले काही दिवस शिरेतून प्रतिजैविक देतात. ताप उतरला, ठणका गेला, रक्ताची तपासणी सुधारली की पुढचे औषध तोंडाने, आणि सगळे मिळून सहसा तीन ते चार आठवडे. पू साठलेलाच असेल तर शल्यविशारद हाडाला बारीक भोक पाडून त्याला वाट करून देतात. दाब गेल्याबरोबर ठणका जातो. मात्र गोळ्या पूर्ण घ्याव्या लागतात. दहाव्या दिवशी मूल अंगणात पळू लागले म्हणून आपण औषध थांबवायचे नाही.

हे सुख फार जुने नाही. १८१३ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये एका सात वर्षांच्या मुलाला विषमज्वरानंतर नडगीत हा रोग झाला. पाय कापावा असा सल्ला होता. नेथन स्मिथ या शल्यविशारदाने तसे न करता हाडाला भोके पाडून मेलेले तुकडे चिमट्याने काढले. भूल देण्याचा शोध लागायला अजून तीसेक वर्षे होती. मुलाला वडिलांनी धरून ठेवले होते. तो मुलगा, जोसेफ स्मिथ, थोडा लंगडत का होईना दोन्ही पायांवर चालू लागला आणि पुढे मॉर्मन पंथाचा संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आला. नेथन स्मिथ यांनी १८२७ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. मेलेले हाड काढावे लागते, हे त्यांनी जंतूंचा शोध लागण्यापूर्वीच ओळखले होते.

याहून विचित्र प्रयोग विल्यम बेअर यांचा. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, त्यांनी दोन सैनिक पाहिले. सात दिवस ते रणभूमीवर पडून होते, मांडीची हाडे मोडून जखमा उघड्या पडलेल्या. जखमांत अळ्या वळवळत होत्या. अळ्या धुऊन काढल्यावर खाली काय दिसावे? स्वच्छ, लालचुटुक मांस. माशीच्या त्या अळ्या मेलेले मांस खात होत्या आणि जिवंत मांस सोडून देत होत्या. पुढे बेअर यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथे हाडात जुना पू असलेल्या मुलांच्या जखमांत मुद्दाम अळ्या सोडून उपचार केले आणि पुष्कळ मुले सुधारली. काही रुग्णांना धनुर्वात झाल्यावर त्यांनी जंतुरहित अळ्या वाढवण्याची पद्धत काढली. त्यांचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. (घरी कोणी हा प्रयोग करू नये, हे सांगायची गरज नसावी.)

मग पेनिसिलिन आले आणि अळ्या मागे पडल्या. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला साहाय्य केले होते. परदेशातून येणारे महागडे औषध देशातच होऊ लागले, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती! पण जंतूही स्वस्थ बसला नाही. पेनिसिलिन फोडून टाकणारे विकर बनवणारे स्टॅफिलोकॉकस लवकरच सगळीकडे पसरले. १९६० च्या सुमारास मेथिसिलिन हे नवे औषध निघाले, तर १९६१ मध्येच त्याला न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्ये सापडले. म्हणूनच आज कोणते औषध द्यायचे हे अंदाजाने नव्हे, शक्यतो संवर्धन करून ठरवतात.

आतापर्यंत रक्तातून आलेल्या जंतूची गोष्ट झाली. हाडात शिरण्याचे दुसरे दार आहे थेट जखम. आपल्या नडगीवरून पुढच्या बाजूने बोट फिरवा. कातडी आणि लगेच हाड. मध्ये स्नायू नाही. मांडीला लागलेला घाव स्नायूंनी झाकला जातो आणि स्नायूंकडून त्याला भरपूर रक्त मिळते. नडगीला हे भाग्य नाही. ऊसतोडीत कोयता निसटून नडगीवर बसतो, किंवा मोटारसायकलच्या अपघातात नडगी मोडून हाड कातडीबाहेर येते, तेव्हा माती, शेण, कपड्यांचे धागे सरळ हाडाला भिडतात. अशा जखमेवर हळद, चुना, राख किंवा तंबाखू दाबू नये. स्वच्छ पाण्याने वरची माती धुवावी, स्वच्छ फडके घट्ट न बांधता झाकावे, पाय हलणार नाही असा आधार द्यावा आणि रुग्णालय गाठावे. प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितके बरे. धनुर्वाताची लसही तेथेच मिळते.

आषाढात तुकोबांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते आणि येथे गोल रिंगण होते. त्या गर्दीत अनवाणी चालणारे कितीतरी पाय असतात. ज्याला बरीच वर्षे मधुमेह आहे त्याच्या तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते. खडा रुतला, फोड आला, फुटला, तरी त्याला कळत नाही. तो चालत राहतो, जखम खोल जाते आणि बोटाच्या हाडाला पोचते. मोठ्या माणसांत हाडात पू होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. तुमच्या घरी आजोबांना मधुमेह असेल तर रोज संध्याकाळी त्यांचे तळवे बघण्याचे काम तुम्ही करू शकता. त्यांना स्वतःला वाकून ते दिसत नाहीत. रिंगणात धावणाऱ्या किंवा अकलूजच्या बाजारात येणाऱ्या घोड्यांच्या बाबतीत जाणकार मालक हे बरोबर करतो. घोड्याच्या खुरात खिळा गेला की तो दिवस ढकलत नाही, कारण खुरातल्या हाडापर्यंत पू गेला तर घोडा कायमचा लंगडा होतो.

विदर्भात आणि सातपुड्याच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. त्यात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकून हाडाचा काही भाग मरतो, आणि त्या मेलेल्या भागात पुष्कळदा सालमोनेला गटातील जंतू बसतात. म्हणजे येथे क्रम उलटा: आधी हाड मरते, मग जंतू येतात. हाडाचा क्षयही असतो, विशेषतः मणक्यांचा. पण त्याची चाल संथ, औषधे निराळी. त्याचा स्वतंत्र लेख व्हावा.

ज्यांचे हाड आधीच मेले आहे आणि वर्षानुवर्षे वाहते आहे, त्यांचे काय? तेथे आजही नेथन स्मिथ यांचाच नियम: मेलेले सारे काढा, रक्त फुटेपर्यंत काढा. फरक एवढाच की काढल्यावर राहिलेली पोकळी आता भरता येते. कधी शेजारचा स्नायू वळवून त्यात बसवतात. कधी प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचे मणी तेथे ठेवतात. त्यांतून औषध हळूहळू झिरपते आणि ज्या जागी रक्तातून ते पोचले नसते तेथे पोचते. पूर्वी अशा रुग्णांना सहा-सहा आठवडे शिरेतून औषध द्यावे लागे. २०१९ मध्ये ब्रिटनमधील सुमारे हजार रुग्णांवरील चाचणीत दिसले की पहिल्या आठवड्यानंतर योग्य गोळ्या दिल्या तरी गुण तितकाच येतो. खेड्यातल्या रुग्णाच्या दृष्टीने हा शोध फार मोलाचा आहे.

पण हाडाचा पाच सेंटीमीटर तुकडाच काढावा लागला तर? याचे उत्तर सायबेरियातील कुर्गान या गावचे डॉक्टर गावरील इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात शोधले. पायाभोवती धातूची कडी बसवायची आणि सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या बारीक तारा हाडातून आरपार नेऊन कड्यांना जोडायच्या. मग निरोगी भागात हाड हलकेच कापायचे आणि कापलेला तुकडा पोकळीच्या दिशेने रोज १ मिलिमीटर सरकवायचा, तोही एकदम नव्हे, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. मागे जी फट पडत जाते तिच्यात नवे हाड भरत जाते. पाच सेंटीमीटरसाठी किती दिवस, हे गणित तुम्हीच करा. त्यानंतर नवे हाड कठीण होईपर्यंत आणखी काही महिने कडी ठेवावी लागते. रशियाचा उंच उडीचा खेळाडू व्हॅलेरी ब्रुमेल याने १९६३ मध्ये २.२८ मीटरचा विश्वविक्रम केला होता आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले होते. १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा चुराडा झाला. हाडात पू झाला, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, पाय आखूड झाला. १९६८ मध्ये इलिझारोव्ह यांनी त्याच्यावर उपचार केले. त्यानंतर त्याने पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारली. आपल्या महाराष्ट्रात अकोला येथे डॉ. मिलिंद चौधरी यांनी याच तंत्राचे केंद्र चालवले आहे.

आपल्या खो-खोपटूला तेथवर जावे लागले नाही असे समजू. फोटो नीट आला तरी आईचे समाधान झाले नाही. ताप उतरेना म्हणून तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा डॉक्टरांना गाठले. त्यांनी नडगीच्या त्या एका जागेवर बोट दाबले, मुलगा किंचाळला, आणि त्याच संध्याकाळी रक्त घेऊन इंजेक्शने सुरू झाली. दुसऱ्या दिवशी हाडाला भोक पाडून चमचाभर पू काढला. त्या रात्री तो कित्येक तास सलग झोपला. दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला तेव्हा नडगीच्या वरच्या टोकाशी एक छोटा अंधुक डाग दिसत होता. ज्या फोटोने पहिल्या दिवशी "काही नाही" असे सांगितले होते, त्याला आता कोठे रोग दिसला. आणि मुलगा तोपर्यंत कुबड्या घेऊन, खिशात गोळ्यांची पट्टी ठेवून, शाळेत जाऊ लागला होता.